पुस्तक मुलाच्या हाती पोहोचेपर्यंत

(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत वडोदरा येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संस्थेची शताब्दी साजरी होते तेव्हा संस्थापकांच्या तसबिरींना हार घातले जातात, देणगीदारांची नावे शिळेवर कोरली जातात आणि ग्रंथसंपदेचा आकडा अभिमानाने सांगितला जातो. हे सर्व उचितच आहे. तथापि ग्रंथालयाच्या शंभर वर्षांचा हिशेब आणखी एका रीतीने मांडता येतो. ज्यांच्या घरी एकही पुस्तक नव्हते अशी किती मुले या दारातून आत आली आणि पुस्तक घेऊन बाहेर पडली? वार्षिक अहवालात या प्रश्नाचे उत्तर सहसा सापडत नाही. अहवालात पुस्तकाची नोंद असते, ते पुस्तक ज्या घरात गेले त्या घराची नसते.

गरजू मुलांपर्यंत पुस्तके पोहोचविणाऱ्या स्थानिक समित्या आणि त्यांत विनावेतन काम करणारी माणसे, हा आजच्या व्याख्यानाचा विषय आहे. विषय साधा वाटेल. पुस्तके जमवावीत आणि मुलांना वाटून टाकावीत, यात व्याख्यान देण्यासारखे काय आहे, असेही कोणाच्या मनात येईल. वस्तुतः पुस्तक देणे सोपे आहे. ते योग्य मुलाच्या हाती, योग्य भाषेत, त्याचा मान राखून आणि पुन्हा पुन्हा पोहोचविणे कठीण आहे. ते कठीण काम कोणा एका दात्याकडून होत नाही. त्यासाठी समिती लागते.

हा विचार वडोदऱ्यात मांडण्यास विशेष कारण आहे. महाराज सयाजीराव गायकवाड यांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी नाशिक जिल्ह्यातील कवळाणे या गावी शेतकरी कुटुंबात झाला. १८७५ साली दत्तकविधान झाले तेव्हा बारा वर्षांच्या या मुलाला लिहिता-वाचता येत नव्हते. अक्षरांवाचून गेलेल्या बालपणाचा अनुभव ज्याच्या गाठीशी आहे असा राजा गादीवर आला, ही या नगरीच्या इतिहासातील मोठी घटना मानावी लागेल. १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू झाला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानात लागू करण्यात आला.

शाळा सक्तीची झाली. पण शाळा सोडल्यावर शिकलेली अक्षरे टिकणार कशी, हा प्रश्न उरला. क्रमिक पुस्तक संपल्यावर ज्याच्या हाती दुसरे पुस्तक पडत नाही, तो मुलगा काही वर्षांत पुन्हा अंगठ्यावर येतो. यास्तव शिक्षणापाठोपाठ ग्रंथालये येणे अपरिहार्य होते. १९१० साली महाराजांनी अमेरिकेतील न्यू हेवन येथून विल्यम अॅलन्सन बॉर्डन या ग्रंथपालास पाचारण केले. बॉर्डन येथे सुमारे तीन वर्षेच होते. परंतु तेवढ्या अवधीत मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसली, ग्रंथपालांचे प्रशिक्षण सुरू झाले आणि खेडोपाडी ग्रंथालये पसरविण्याची योजना आकारास आली.

त्या योजनेतील एक तरतूद आजही मनन करण्यासारखी आहे. गावकऱ्यांनी ग्रंथालयासाठी जेवढी रक्कम उभी करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने द्यावी आणि तेवढीच सरकारने द्यावी, असा तिहेरी वाटा ठरलेला होता. राजाला सगळा खर्च एकट्याने सोसता आला असता. परंतु मग ग्रंथालय राजाचे झाले असते. गावचा पहिला वाटा जमल्याखेरीज उरलेले दोन वाटे हलत नसत. म्हणजे पुस्तक येण्यापूर्वी गावातील चार माणसांना एकत्र बसावे लागे, वर्गणी मागावी लागे, जागा शोधावी लागे आणि कपाटाची किल्ली कोणाकडे राहील हे ठरवावे लागे. पुस्तकाआधी समिती जन्माला येई. या नियमामागे हिशेबाइतकीच माणसांची पारख होती.

या कामात मोतीभाई अमीन यांचे स्मरण केल्यावाचून पुढे जाता येत नाही. पेटलाद येथे शिक्षक म्हणून काम करीत असता त्यांनी विद्यार्थ्यांना वाचनाची गोडी लावली आणि १९०६ च्या सुमारास 'मित्रमंडळ' या नावाने गावोगाव वाचनालये सुरू करण्याचा उपक्रम हाती घेतला. नावातच त्या कामाची पद्धत दिसते. अधिकारी, आश्रयदाते किंवा उपकारकर्ते अशा नावांऐवजी त्यांनी 'मित्र' हा शब्द निवडला. बॉर्डन यांच्या योजनेत पुढे त्यांचा मोठा वाटा राहिला. किंबहुना परदेशी तज्ज्ञाने आखलेली योजना गुजराती खेड्याच्या चावडीपर्यंत नेणारा माणूस तोच होता, असे म्हणणे वावगे ठरणार नाही.

ज्या गावांत ग्रंथालय नव्हते तेथे फिरत्या ग्रंथालयाच्या लाकडी पेट्या जात. पेटीच्या या प्रवासाची कल्पना करून पाहावी. पेटी गावात येऊन पडली म्हणजे काम संपले असे होत नाही. कोणीतरी ती उघडावी लागते, पुस्तके मोजून घ्यावी लागतात, कोणी काय नेले ते लिहावे लागते, पावसाळ्यात ओल आणि वाळवी यांपासून पेटी जपावी लागते आणि मुदत संपली की ती पुन्हा भरून परत धाडावी लागते. या प्रत्येक क्रियेपाठीमागे एक माणूस असतो आणि त्याचे नाव इतिहासात राहत नाही. ग्रंथालय चळवळीचा इतिहास लिहिताना राजे, तज्ज्ञ आणि इमारती यांची नावे येतात. चळवळ मात्र या अनामिक किल्लीधारकांवर चालते.

आता 'गरजू' या शब्दाकडे वळावे. हा शब्द उच्चारणे सोपे, पण ज्याला तो लावला जातो त्या मुलाला तो टोचतो. पुस्तके वाटण्याचे समारंभ पुष्कळ होतात. मुलांची रांग लावली जाते, पाहुण्यांच्या हातून पुस्तक दिले जाते, छायाचित्र निघते. त्या छायाचित्रात पाहुण्यांचा चेहरा प्रसन्न असतो आणि मुलाची नजर पुष्कळदा जमिनीकडे असते. दात्याला पुण्य मिळाले. मुलाला मात्र पुस्तकाबरोबर आपल्या गरिबीचा दाखलाही मिळाला. असे पुस्तक घरी गेले तरी त्याच्याशी मैत्री जुळणे कठीण.

याउलट एका पुस्तकाची हकीकत महाराष्ट्राला ठाऊक आहे आणि तिचा धागा वडोदऱ्यापर्यंत येतो. रामजी सुभेदारांची परिस्थिती बेताची होती. मुलाला हवी ती पुस्तके आणून देण्यासाठी ते विवाहित मुलींकडून पैसे उसने घेत, प्रसंगी त्यांचे दागिनेही गहाण ठेवीत. या मुलाच्या परीक्षेतील यशाबद्दल मुंबईत त्याच्या समाजातील मंडळींनी सभा भरविली. तेथे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्याला भेट दिले. तो मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. 'द बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथासाठी लिहिलेल्या प्रस्तावनेत डॉ. आंबेडकरांनीच ही आठवण नोंदविली असून, केळुसकरांनी ते चरित्र बडोद्याच्या ग्रंथमालेसाठी लिहिले होते, असेही म्हटले आहे. पुढे केळुसकरांनीच महाराजांकडे शब्द टाकला आणि भीमरावांना महाविद्यालयीन शिक्षणासाठी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली. १९१३ साली ते संस्थानच्या साहाय्याने अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले.

या प्रसंगातील एक बारकावा ध्यानी घ्यावा. पुस्तक गरजू मुलाला मिळाले, हे खरे. पण ते गरजू म्हणून मिळाले नाही. ते यशस्वी विद्यार्थ्याला सत्कार म्हणून मिळाले. मुलाला काय हवे याची जाण देणाऱ्याला होती आणि त्याच्या अंगची योग्यताही त्याने ओळखली होती. पुस्तक देणाऱ्या प्रत्येक समितीने केळुसकर गुरुजींचा हा धडा गिरवावा.

परंतु हकीकत येथेच संपविली तर ती अर्धीच सांगितली असे होईल. १९१७ साली तेच डॉ. आंबेडकर संस्थानच्या सेवेसाठी वडोदऱ्यात आले, तेव्हा त्यांना या शहरात राहावयास जागा मिळाली नाही. जात लपवून ज्या पारशी विश्रामगृहात आसरा घेतला होता तेथूनही त्यांना बाहेर काढण्यात आले. संस्थानाने पुस्तक दिले, शिष्यवृत्ती दिली. नगराने मात्र दार बंद केले. ही गोष्ट शताब्दीच्या आनंदात विरजण घालण्यासाठी सांगितलेली नाही. पुस्तक देणारा हात आणि दार उघडणारा हात एकच असावा लागतो, हे या नगरीने फार मोठी किंमत मोजून शिकावयाचे होते, म्हणून सांगितली आहे. वस्तीतील मुलाला पुस्तकांची पेटी पाठवावयाची आणि तोच मुलगा वाचनकक्षात आला की त्याच्या पायांकडे पाहावयाचे, हा प्रकार कोणत्याही ग्रंथालयात घडत असेल तर तेथील पुस्तकवाटपाला अर्थ उरत नाही.

मुलाचा मान राखण्याचा आणखी एक मार्ग अलीकडच्या काळात अमेरिकेत दिसून आला. डॉली पार्टन या विख्यात गायिकेने १९९५ साली टेनेसी राज्यातील आपल्या सेव्हिअर परगण्यात लहान मुलांना घरपोच पुस्तके पाठविण्याचा उपक्रम सुरू केला. त्यांच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या प्रत्येक नोंदणी झालेल्या मुलाच्या नावे दरमहा एक पुस्तक टपालाने येते आणि त्यासाठी घरच्या उत्पन्नाची चौकशी होत नाही. श्रीमंताच्या मुलालाही पुस्तक येते आणि गरिबाच्याही, त्यामुळे पुस्तक येणे ही गरिबीची खूण ठरत नाही. पुढे हा उपक्रम अन्य प्रांतांत आणि देशांत पसरला तो स्थानिक संस्थांच्या बळावर. मुलांची नोंदणी करणे आणि आपल्या भागातील खर्चासाठी निधी उभा करणे हे काम त्या त्या गावच्या मंडळींनी पत्करले. कवळाण्याचा अक्षरवंचित मुलगा आणि टेनेसीतील निरक्षर शेतकऱ्याची मुलगी यांच्यात काळाचे व देशाचे केवढे अंतर. पण दोघांच्याही योजनेचा कणा गावची समिती हाच आहे.

यावर कोणी विचारील की, आता अशा समितीची आवश्यकता काय? २००९ साली बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा झाला आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी शासनाने स्वीकारली. इतकेच नव्हे, तर प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, नियतकालिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह ग्रंथालय असावे, असे त्या कायद्याच्या परिशिष्टात स्पष्ट म्हटले आहे. मग खासगी ग्रंथालयांनी वेगळे काय करावयाचे?

उत्तर असे की, कायदा कपाटापर्यंत पोहोचतो. कपाटाचे कुलूप उघडण्यास माणूस लागतो. पुस्तके हरवतील, फाटतील आणि जबाबदारी अंगावर येईल, या धास्तीने कपाटे बंद ठेवण्याची सवय आपल्या देशात जुनी आहे. शिवाय कायद्याच्या वयोमर्यादेपलीकडे, नववी-दहावीनंतर, संदर्भपुस्तकांचा खर्च वाढतो आणि नेमक्या त्याच वयात गरीब घरातील मुले शाळा सोडतात. बांधकामाच्या निमित्ताने आईबापांबरोबर गावोगाव फिरणारी मुले कोणत्याच शाळेच्या हजेरीपटावर स्थिरावत नाहीत. क्रमिक पुस्तक मिळाले तरी केवळ आनंदासाठी वाचावयाचे पुस्तक पुष्कळ घरांत आजही पहिल्यांदा बाहेरूनच यावे लागते. या सर्व फटी भरून काढणे हे स्थानिक समितीचे कार्यक्षेत्र आहे.

येथवर बहुतेकांचे एकमत होईल. यापुढचा प्रश्न मात्र अवघड आहे आणि मराठी प्रदेशाबाहेरील प्रत्येक मराठी ग्रंथालयाला तो कधी ना कधी भेडसावतो. वस्तीतील गरजू मूल गुजराती किंवा हिंदी बोलणारे असेल, तर मराठी ग्रंथालयाने आपला निधी त्याच्यासाठी खर्च करावा काय?

ज्येष्ठ सभासदांची यावरील भूमिका उपेक्षणीय नाही. ते म्हणतात, गुजराती पुस्तकांसाठी अन्य ग्रंथालये आहेत; मराठीसाठी हे एकच घर उरले आहे. मराठी माध्यमाच्या शाळा ओसरल्या, घरातील नातवंडे मराठी बोलतात पण वाचत नाहीत. अशा वेळी दिव्यातील तेल दुसऱ्या दिव्यात ओतावे काय? या म्हणण्यात संकुचितपणापेक्षा चिंता अधिक आहे आणि ती चिंता खरी आहे.

तरीही या नगरीचा इतिहास वेगळी दिशा दाखवितो. मराठी मातृभाषेच्या राजाने गुजराती मुलांसाठी गुजराती पुस्तके सिद्ध करविली. १९१२ साली त्यांनी दोन लाख रुपयांचा निधी वेगळा काढला आणि त्याच्या व्याजातून श्री सयाजी साहित्यमाला व बालज्ञानमाला चालल्या. त्यांत गुजराती आणि मराठी दोन्ही भाषांतील पुस्तकांना स्थान होते. मराठी ताराबाई मोडक भावनगरला गेल्या, गिजुभाई बधेका यांच्यासमवेत त्यांनी गुजराती बालकांसाठी काम केले आणि तेथील अनुभवाची शिदोरी घेऊन पुढे बोर्डी व कोसबाड येथे आदिवासी मुलांची सेवा केली. गुजरातीसाठी केलेल्या कामाने त्यांचे मराठी काम अधिक समृद्ध झाले.

व्यवहारातही या दोन गरजांमध्ये विरोध नाही. मराठी घरातील मूल आणि शेजारच्या वस्तीतील मूल या दोघांचीही एका अर्थाने उपासमारच होते. एकाला पुस्तके मिळतात, पण आजीच्या भाषेतील मिळत नाहीत. दुसऱ्याला कोणत्याच भाषेतील मिळत नाहीत. शाळेत हिंदी शिकताना देवनागरी लिपीची ओळख झालेली असते. म्हणून घरी मराठी ऐकणाऱ्या मुलाला मोठ्या अक्षरांतील सोपे मराठी पुस्तक वाचणे वाटते तितके दुर्घट नसते. एकच गोष्ट मराठीत आणि गुजरातीत शेजारी शेजारी ठेवली तर दोन्ही मुलांना ती वाचता येईल आणि ती एकमेकांना सांगताही येईल. आज हे पूर्वीपेक्षा सुलभ झाले आहे. नॅशनल बुक ट्रस्टची बालपुस्तके अनेक भारतीय भाषांत निघतात. प्रथम बुक्स या संस्थेने २०१५ साली सुरू केलेल्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर अनेक भाषांतील बालकथा मुक्त परवान्याने उपलब्ध आहेत आणि त्या छापून घेता येतात. मराठी ग्रंथालयाच्या बालविभागात अन्य भाषक मुले वावरू लागली तर त्यांच्या सोबतीने मराठी मुलेही येतील. रिकाम्या दालनात मात्र कोणतीच भाषा टिकत नाही.

आता समितीवर काम करू इच्छिणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. पहिली गोष्ट निवडीची. घर आवरताना निघालेली जुनी मार्गदर्शके आणि फाटकी मासिके ग्रंथालयात आणून टाकणे ही देणगी नव्हे. ती नम्रपणे नाकारण्याचे धैर्य समितीने बाळगावे. जे पुस्तक सभासद आपल्या नातवाच्या हाती देणार नाही, ते वस्तीतल्या मुलाच्या हाती देऊ नये.

दुसरी गोष्ट नियमांची. अनामत रक्कम, जामीनदाराची सही आणि विलंबाचा दंड हे नियम प्रौढ सभासदांसाठी योग्य असतील. गरजू मुलाला ते दारातूनच परत पाठवितात. पुस्तक हरविले तर आता तिकडे जाणेच नको, असे मूल ठरविते आणि एका पुस्तकाच्या किमतीपायी एक वाचक कायमचा गमावला जातो. म्हणून अंदाजपत्रकातच हरविणाऱ्या व फाटणाऱ्या पुस्तकांसाठी रक्कम धरावी. बालविभागातील पुस्तके वर्षअखेर कोरी करकरीत राहिली असतील तर ती जपली गेली असे समजण्याऐवजी ती वाचली गेली नाहीत असे समजावे. बांधणी सुटलेले पुस्तक हे समितीचे प्रशस्तिपत्र आहे.

तिसरी गोष्ट सातत्याची. पहिल्या पेटीच्या वेळी उत्साह असतो. चौथ्या पेटीच्या वेळी पाऊस असतो, परीक्षा असतात, घरचे कार्य असते. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी पेटी पोहोचली नाही तर वाट पाहणाऱ्या मुलांचा विश्वास तुटतो. ज्यांच्या वाट्याला आधीच पुष्कळ मोडलेली वचने आलेली असतात, त्यांना आणखी एक देऊ नये. मोठ्या देणगीपेक्षा आठवड्याचे नेमाने दिलेले दोन तास या कामी अधिक उपयोगी पडतात.

चौथी गोष्ट समितीच्या रचनेची. निवृत्त मंडळींच्या अनुभवाला तोड नाही; परंतु त्यांच्या शेजारी तरुणांना आणि वस्तीतील मातांना बसवावे. मुलांना काय आवडते, ती केव्हा मोकळी असतात, कोणत्या गल्लीतील मुलगी धाकट्या भावंडाला सांभाळावे लागते म्हणून येऊ शकत नाही, हे त्या मातांइतके कोणालाही ठाऊक नसते. ज्या वस्तीसाठी समिती काम करते त्या वस्तीचा आवाज सभेत नसेल तर इतिवृत्त नीटनेटके होईल, काम होणार नाही.

श्रोतेहो, शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी या ग्रंथालयासाठी वर्गणी मागितली त्यांना आजचे वाचक दिसणार नव्हते. जे कधी भेटणार नाहीत अशांसाठी त्यांनी कपाटे करविली. त्या ऋणाची फेड तसबिरीपुढे हात जोडून होत नाही. ती त्याच रीतीने, पुढच्या अनोळखी वाचकासाठी कपाट उघडून करावी लागते. समारोहाचे मंडप उतरतील, स्मरणिका घरोघरी जाईल आणि त्यानंतरच्या शनिवारी एखादी मुलगी दाराशी येऊन आत येऊ का, असे चाचरत विचारील. तिची भाषा कदाचित वेगळी असेल, पायांत कदाचित चप्पल नसेल. त्या वेळी देवघेवीच्या खिडकीपाशी कोणी बसलेले असावे, त्याने तिचे नाव विचारावे, ते नीट लिहून घ्यावे आणि तिला पुस्तक निवडू द्यावे.

शताब्दीनंतरच्या कामाचा आरंभ तेथून होवो, ही सदिच्छा.